‘माझी’ म्हणणारे दोघे : ‘माय आंतोनिया’मधलं शेतकरी आयुष्य

परक्या मुलखात जाऊन शेती करणाऱ्या माणसाचं आयुष्य कादंबरीत कसं येतं, हा आपला आजचा विषय. त्यासाठी एकच पुस्तक हाताशी घेऊ : विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची ‘माय आंतोनिया’ ही १९१८ सालची कादंबरी. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी काळजी करू नये. लागेल तेवढी गोष्ट आम्ही ओघात सांगत जाऊ.

बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश. तिथून शिमेर्दा नावाचं कुटुंब अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ माळावर येतं. आई, वडील आणि चार मुलं. आंतोनिया ही थोरली मुलगी, वय चौदा. त्यांच्याच एका देशबांधवाने त्यांना वाजवीपेक्षा जास्त भावाने जमीन विकलेली असते. जमिनीत खोदलेल्या गुहेसारख्या घरात पहिला हिवाळा काढावा लागतो. वडील मूळचे विणकर, हौसेने व्हायोलिन वाजवणारे. माळाची ही शेती त्यांच्या हातची नव्हे. त्याच हिवाळ्यात ते आत्महत्या करतात.

ही गोष्ट आपल्याला सांगतो कोण? जिम बर्डन. हा दहा वर्षांचा पोरका मुलगा. शिमेर्दा कुटुंब आलं त्याच रेल्वेगाडीने तो व्हर्जिनियाहून आजी-आजोबांकडे येतो. पुढे शहरात जातो, शिकतो, मोठ्या रेल्वे कंपनीचा वकील होतो. आणि मध्यम वयात बालपणच्या या मैत्रिणीबद्दल लिहून ठेवतो. कागदांवर आधी नुसतं ‘आंतोनिया’ लिहितो, मग थांबून त्याच्याआधी ‘माझी’ जोडतो.

या ‘माझी’वर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण एक गोष्ट बघा. कादंबरीत हा शब्द जिमच्या आधी दुसऱ्या एका माणसाने उच्चारलेला आहे. आंतोनियाचे वडील पहिल्याच भेटीत जिमच्या आजीच्या हातात एक पुस्तक ठेवतात. त्यात इंग्रजी आणि बोहेमियन अशा दोन वर्णमाला आहेत. आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत काकुळतीला येऊन म्हणतात, माझ्या आंतोनियाला शिकवा. बापाचा ‘माझी’ ही एक मागणी आहे. जिमचा ‘माझी’ हे शीर्षक आहे. आमचं म्हणणं असं, की ही मागणी पुरी झाली नाही म्हणून ते शीर्षक शक्य झालं.

कसं ते सांगतो. वडील गेल्यावर आंतोनिया थोरल्या भावाबरोबर शेतात उतरते. जमीन नांगरते. शाळा सुरू होते तेव्हा जिम तिला बोलवायला जातो. ती ऐटीत सांगते, मला वेळ नाही, मी आता पुरुषासारखं काम करते. आणि तोंड फिरवून रडते. मग त्याला म्हणते, शाळेत जे शिकशील ते मला कधीतरी सांगशील ना? आमच्या मते हा कादंबरीचा कणा आहे. इथे दोघांचे रस्ते फुटतात : एकाच्या हाती लेखणी, दुसरीच्या हाती कासरा.

आपल्याकडच्या एका पुस्तकाशी हे ताडून बघता येईल. आनंद यादवांचं ‘झोंबी’, १९८७. तिथेही खाणारी तोंडं खूप, शेताला हात हवेत, आणि शाळेच्या आड बापच उभा. पण तो मुलगा झगडून शाळा मिळवतो, म्हणून स्वतःची कथा स्वतः लिहितो. आंतोनियाला शाळा मिळत नाही, म्हणून तिची कथा शेजारी लिहितो. शेतकऱ्याबद्दलचं लेखन आणि शेतकऱ्याचं लेखन यांतला फरक बरेचदा एवढ्याशाच गोष्टीवर ठरतो : घरातल्या कोणाला कामातून मोकळं करता आलं.

आता पुढचं बघू. आंतोनिया गावात घरकामाला राहते. एक रेल्वे कंडक्टर लग्नाचं वचन देऊन तिला फसवतो. ती गरोदर होऊन परत येते, पुन्हा भावाच्या शेतात राबते. मग जिमची आणि तिची गाठ सुटते ती तब्बल २० वर्षं. तो परत येतो तेव्हा तिचं कुझाक नावाच्या देशबांधवाशी लग्न झालेलं आहे, दहा-अकरा मुलं आहेत, फळबाग आहे. फळं साठवायच्या भुयारातून पोरं भसाभस उजेडात येतात, तो प्रसंग तर कोणीही विसरत नाही. सुंदरच आहे तो. पण मंडळी, मधली २० वर्षं कुठे गेली? शेतकऱ्याचं आयुष्य ते तेच. शेत उभं राहिलं त्या वर्षांत, आणि आपला निवेदक तिथे नव्हता.

सुदैवाने शेवटच्या भागात जिम थोडा गप्प बसतो आणि घरची माणसं बोलतात. आंतोनिया झाडांबद्दल सांगते. आलो तेव्हा इथे एकही झाड नव्हतं. दिवसभर शेतात राबून आम्ही झाडांना पाणी वाहायचो. कोरड्या दिवसांत नवरा झोपल्यावरही उठून मी पाणी घालायचे. नवरा हिशेब सांगतो. एकराला २० डॉलर देऊन जमीन घेतली, आता १०० देणारं गिऱ्हाईक आहे. आणखी एक तुकडा घेतला, तोही बहुतेक फिटत आला. मुलगे भरपूर आहेत, पुष्कळ जमीन कसता येते. जिमला त्या मुलांत सृष्टीचं चैतन्य दिसतं. बापाला मनुष्यबळही दिसतं. दोन्ही खरं आहे. पण दुसरं म्हणायला त्या घरचंच माणूस लागतं. आणि या भागाचं नाव काय? ‘कुझाकचे मुलगे’. रात्री उठून पाणी घालणारी बाई तिथेही नावात नाही. सात-बारावर बाईचं नाव किती घरांत असतं, हे आपण इथे कोणाला सांगायला नको.

जिमचा पेशाही विसरू नका. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. रेल्वे कंपन्यांनाही सरकारकडून अफाट जमिनी मिळाल्या. त्या विकण्यासाठी त्यांनी युरोपभर जाहिराती केल्या. स्थलांतरितांना माळावर आणणाऱ्या या धंद्याचाच जिम वकील. त्याच्या लिहिण्यात माळाबद्दल अपार प्रेम आहे, पण हा माळ विकला कोणी, हा प्रश्न तो विचारत नाही. त्याच्याआधी इथे कोण होतं, हेही नाही. नेब्रास्कातल्या पॉनी लोकांना १८७० च्या दशकात तिथून जावं लागलं. कादंबरीत मूळ रहिवाशांची खूण उरते ती बर्फात उमटणाऱ्या एका वर्तुळापुरती, घोडे तिथे धावत असावेत एवढ्या तर्कापुरती.

यावर कोणी म्हणेल, ही मर्यादा जिमची. कॅथरने ती मुद्दाम दाखवली आहे. काही अंशी आम्हांला मान्य आहे. कॅथर स्वतः नऊ वर्षांची असताना १८८३ मध्ये नेब्रास्कात आली. तिचं कुटुंब दीडेक वर्षातच शेत सोडून रेड क्लाउड गावात गेलं. आंतोनिया जिच्यावरून बेतली, त्या अ‍ॅना पावेल्का या खऱ्याखुऱ्या शेतकरी बाई होत्या, आणि त्यांच्या वडिलांनीही आत्महत्याच केली होती. आपण दुसऱ्याचं आयुष्य लिहितो आहोत याची जाणीव लेखिकेला होती. म्हणून तर तिने तो ‘माझी’ आपल्या डोळ्यांदेखत जोडलेला दाखवला. तरीही, जाणीव असणं वेगळं आणि त्या २० वर्षांत शिरणं वेगळं. तिथे कादंबरी शिरलेली नाही.

मग ही कादंबरी वाचावी का? जरूर वाचावी. फक्त वाचताना दोन आवाज वेगळे ठेवावेत. जिम बोलतो तेव्हा आठवण ऐकू येते. आंतोनिया बोलते तेव्हा काम ऐकू येतं. तिची वाक्यं थोडी आहेत, पण शेत कसं उभं राहिलं ते त्यांतच कळतं. बापाने मागितलेली शाळा तिला मिळाली असती, तर या पुस्तकाचं नाव काय असतं, हा प्रश्न तुमच्याकडे सोपवून आम्ही थांबतो.