गार्सिया द ऑर्टाचे ‘संवाद’ : दख्खनच्या दरबारातील विद्या आणि गोव्यातील छापील ग्रंथ

बेळगावच्या किल्ल्यात असलेली साफा मशीद विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार असदखान लारी याच्या काळातील आहे. शहराला लागून असलेल्या कंग्राळी बुद्रुक, कंग्राळी खुर्द या मराठी गावांतून महाविद्यालयात येणारे विद्यार्थी ती अनेकदा पाहतात, पण असदखानाचे नाव त्यांच्या क्रमिक पुस्तकात बहुधा एका ओळीपुरते येते, आणि तेही लढायांच्या संदर्भात. विज्ञानाचा इतिहास हे प्रकरण त्याच पुस्तकात दुसरीकडे असते. तेथे कोपर्निकस, व्हेसॅलियस, गॅलिलिओ असतात, दख्खन नसते. या दोन प्रकरणांना जोडणारा एक ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. त्याची ओळख महाविद्यालयीन अध्यापनात जवळजवळ नाही आणि जेथे आहे तेथे ती एकांगी आहे.

हा ग्रंथ म्हणजे गार्सिया द ऑर्टा या पोर्तुगीज वैद्याने लिहिलेले भारतातील वनस्पती आणि औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. छपाई १० एप्रिल १५६३ रोजी योहानेस द एन्देम याच्या छापखान्यात पूर्ण झाली. गोव्यात छापखाना येऊन त्या वेळी जेमतेम सात वर्षे झाली होती. मुद्रणदोष इतके राहिले की शेवटी कित्येक पानांचे शुद्धिपत्र जोडावे लागले. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची पहिली छापील कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे, हा वाङ्मयाच्या अभ्यासकांसाठी आणखी एक तपशील.

ऑर्टाचा जन्म १५०१ च्या सुमारास कास्तेलु द व्हीद येथे झाला. आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी होते आणि पोर्तुगालमध्ये त्यांना सक्तीने ख्रिस्ती व्हावे लागले होते. सालामांका आणि आल्काला येथे शिकलेला हा वैद्य १५३४ मध्ये मार्तिम अफोंसो द सौझाबरोबर भारतात आला. पुढे सौझा गव्हर्नर झाला (१५४२-४५), तेव्हा त्याचे दख्खनमधील राजकारण बेळगावच्या असदखानाशी आणि आदिलशाही गादीच्या एका हक्कदार राजपुत्राशी गुंतलेले होते. ऑर्टाला मुंबई बेट खंडाने मिळाले. आंब्यावरील संवादात त्याचे कूळ मुंबईहून आंबे घेऊन येते, तो प्रसंग याच जमीनदारीतला. म्हणजे विज्ञानलेखक, व्यापारी आणि वसाहतीतला जमीनदार ही तिन्ही नाती एकाच माणसात आहेत आणि ग्रंथाच्या पानापानावर ती एकमेकांत मिसळलेली दिसतात.

ग्रंथाचा घाट दोन व्यक्तींच्या बोलण्याचा आहे. रुआनो हा नुकताच गोव्यात उतरलेला, पुस्तकी विद्येचा अभिमान बाळगणारा वैद्य. तो काल्पनिक आहे. दुसरा ऑर्टा स्वतः. रुआनो ग्रीक आचार्यांची वचने पुढे करतो आणि ऑर्टा बाजारात, बागेत, रुग्णाच्या खाटेशी पाहिलेले सांगतो. डायस्कोरिडीस आणि गॅलेन यांचे नाव घेऊन आपल्याला घाबरवू नये, स्पेनमध्ये असतो तर त्यांच्याविरुद्ध बोलण्याचे धाडस झाले नसते, अशा आशयाचे त्याचे उद्गार पुन्हा पुन्हा उद्धृत होतात. १९ व्या शतकात कोंद द फिकाल्यो याने मोठ्या परिश्रमाने ग्रंथाची आवृत्ती काढली. तिच्यावरून क्लेमेंट्स मार्खमने १९१३ मध्ये इंग्रजी भाषांतर केले. १९६३ मध्ये बॉक्सरने ऑर्टाला उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या आद्य प्रवर्तकांत बसवले. या परंपरेतला ऑर्टा म्हणजे ग्रंथप्रामाण्याविरुद्ध अनुभव उभा करणारा युरोपीय.

हे चित्र खोटे नाही. पण ऑर्टाचे हे धैर्य कोठून आले, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. त्याचे निदान अर्धे उत्तर अहमदनगरला आहे.

बुऱ्हाण निजामशहा पहिला (मृत्यू १५५३) याच्या दरबारात ऑर्टा वैद्य म्हणून जात असे. सुलतानाशी आपली मैत्री होती हे तो अभिमानाने सांगतो. रोगांची आणि औषधांची अरबी नावे सुलतानाकडून आपण शिकलो आणि लॅटिन नावे त्याला शिकवली, असे त्याचे कथन आहे. या एका तपशिलात राज्यकर्ता केवळ आश्रयदाता राहत नाही. तो अभ्यासातला सहकारी होतो. आणि तो दरबार रिकामा नव्हता. इराणहून आलेला विद्वान शाह ताहिर तेथे होता. रुस्तम जुर्जानी याने ‘जखीरा-इ-निजामशाही’ हा औषधीविषयक फारसी ग्रंथ याच राजवटीसाठी लिहिला. तेथील अरब आणि इराणी हकिमांचा ऑर्टा आदराने उल्लेख करतो. ते इब्न सीना वाचतात, गॅलेनही अरबीतून वाचतात, हे त्याने पाहिले होते. लॅटिन भाषांतरांत इब्न सीनाच्या द्रव्यनामांचा झालेला घोटाळा तो दुरुस्त करू शकतो, कारण ती नावे रोज उच्चारणारी माणसे त्याच्यासमोर बसलेली होती. गॅलेनविरुद्ध बोलताना त्याच्या पाठीशी स्वतःचे डोळे होते, तशी एक जुनी, जिवंत विद्यापरंपराही होती.

येथे दुसऱ्या टोकाला जाण्याचा मोह टाळला पाहिजे. ऑर्टाचे सारे ज्ञान हकिमांचे होते, त्याने ते फक्त पोर्तुगीजमध्ये उतरवले, असे म्हणणारे लेखन स्वाभिमानाला सुखावते, पण ग्रंथ उघडला की टिकत नाही. हकिमांशीही तो अनेकदा असहमत होतो. ‘मूर’ लोकांविषयीचे त्याच्या काळातले पूर्वग्रह त्याच्यातही आहेत. एखाद्या हकिमाची स्तुती आणि त्याच्या धर्माविषयी कडवट शब्द जवळजवळ येतात. समाजाच्या इतिहासाविषयी लिहिताना स्तुतीची वाक्ये तेवढी वेचून घेण्याची सवय संशोधनाला घातक आहे.

पटकीवरील संवाद या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे. रोगाचे नाव देताना ऑर्टा भारतीय लोकांचा शब्द ‘मोर्शी’ असा नोंदवतो आणि अरबी नाव हैजा हेही देतो. हा ‘मोर्शी’ म्हणजे आपली मोडशी. मराठी घरांत अजीर्णासाठी ऐकू येणारा हा शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी ‘मोर्देशी’ झाला, आणि फ्रेंचांनी ध्वनिसाम्यावरून त्याचे ‘कुत्र्याचे मरण’ असे करून टाकले. रोगाचे वर्णन नेमके आहे: नाडी क्षीण, घाम थंड, डोळे खोल, पायांत गोळे, झोप नाही. त्यानंतर तो देशी उपचार सांगतो. मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची कांजी पाजतात, पायांना डाग देतात, डोळ्यांत मिरी घालतात, गोळे येऊ नयेत म्हणून हातपाय घट्ट बांधतात. आजच्या वाचकाला यातले काही क्रूर वाटेल. पण ज्या रोगात माणूस शरीरातले पाणी गेल्याने मरतो, त्यात पेज पाजणारा वैद्य अगदीच चुकीच्या वाटेवर नव्हता. तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी आधुनिक वैद्यकानेही पुढे स्वीकारली. ऑर्टा हे उपचार हसण्यावारी नेत नाही. हिंदू वैद्यांना शरीररचना ठाऊक नाही असे म्हणणारा हाच लेखक, आपल्या औषधाने गुण आला नाही तर त्यांचे औषध वापरतो, हेही कबूल करतो.

मात्र हे वैद्य कोण, हे तो सांगत नाही. एका संवादात मालूपा नावाचा वैद्य बोलायला येतो, तेवढाच. एरवी सगळे ‘येथील वैद्य’. याच्या जवळच आणखी एक व्यक्ती आहे, आंतोनिया. रुआनोला एखादी वनस्पती पाहायची असली की ऑर्टा हाक मारतो आणि ही दासी बागेतून डहाळी, फळ, मूळ घेऊन येते. ग्रंथातले प्रत्यक्ष निरीक्षण, ज्याच्या बळावर ऑर्टा गॅलेनला आव्हान देतो, ते शब्दशः तिच्या हातांतून येते. कोणती डहाळी कोठे सापडते हे तिला ठाऊक असल्याशिवाय हे घडणे शक्य नाही. पण तिला काय ठाऊक आहे, हे कोणीही तिला विचारत नाही. धोत्र्यावरील संवादात एका घरातल्या दासीने मालकिणीवर केलेला विषप्रयोग येतो. त्यातही विषबाधा झालेल्या व्यक्तीचे शरीर हा निरीक्षणाचा विषय आहे. गुलामगिरीवर उभे असलेले वसाहतीतले घर आणि त्या घरातली प्रयोगशीलता यांना वेगळे करता येत नाही, हे या ग्रंथाइतके स्पष्टपणे दाखवणारा दुसरा समकालीन मजकूर सापडणे कठीण.

तुलनेसाठी ‘होर्तुस मलबारिकस’ घ्यावा. डच अधिकारी व्हान रीड याने सिद्ध केलेला हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात निघाला. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र छापले आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचेही आहे. रिचर्ड ग्रोव्हने दोन्ही ग्रंथांना देशी ज्ञानाचे वाहक म्हणून एकत्र ठेवले. ते पूर्णपणे पटत नाही. वनस्पतींची स्थानिक नावे देण्यात ऑर्टा उदार आहे. माणसांची नावे देण्यात कंजूष.

अर्थात नावे लपवण्याची कारणे त्याच्या आयुष्यातही होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले. ग्रंथ त्यानंतर तीन वर्षांनी, व्हाइसरॉयच्या परवानगीने आणि इन्क्विझिटरच्या मान्यतेने निघाला. यहुदी विद्वानांविषयी त्यात जवळजवळ मौन आहे. ऑर्टा १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ऑर्टाची हाडे उकरून जाळण्यात आली. ज्या लेखकाला स्वतःच्या घरातल्या प्रार्थनेविषयी आयुष्यभर तोंड मिटून राहावे लागले, तो मुसलमान सुलतानाच्या दरबारात मोकळेपणाने बोलू शकत होता. ‘सहिष्णु युरोप आणि अंध पूर्व’ ही जोडी वर्गात पुसून टाकायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

युरोपने ऑर्टा वाचला तो मात्र या स्वरूपात नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसच्या हाती हा ग्रंथ पडला आणि १५६७ मध्ये अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप निघाला. क्लूसियसने संवाद काढून टाकले आणि द्रव्यवार मांडणी केली. संपादक म्हणून त्याचे काम चोख आहे. वाचकाला दालचिनी हवी होती, गप्पा नकोत. पण गप्पांबरोबर त्यांत वावरणारी माणसेही गेली. रुआनो गेला, हाकेसरशी येणारी आंतोनिया गेली, शब्दांची देवाणघेवाण करणारा बुऱ्हाण निजामशहा कडेला पडला. लॅटिनमध्ये उरली ती वस्तूंची यादी आणि तिच्यावर एका युरोपीय वैद्याचे नाव. दख्खन विज्ञानाच्या इतिहासातून नेमके कोठे गळाले, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला, तर या संक्षेपाकडे बोट दाखवता येईल.

दख्खनमध्ये मात्र काम थांबले नव्हते. विजापुरात १५७० मध्ये ‘नुजूम-उल-उलूम’ सिद्ध झाला. अहमदनगरहून विजापूरला आलेला इतिहासकार फरिश्ता याने भारतीय वैद्यकावर फारसीत ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ लिहिला. ऑर्टाने तोंडी ऐकून टिपले ते वैद्यांचे शास्त्र तेथे एका मुसलमान लेखकाने अभ्यासविषय म्हणून मांडले आहे. मार्खमचे भाषांतर आता प्रताधिकारमुक्त असल्याने पटकीवरील संवाद पदवीच्या वर्गात सहज वाचता येतो. त्याच्याशेजारी फरिश्त्याचे संबंधित प्रकरण ठेवायचे, तर फारसी जाणणाऱ्या आणि मराठीत लिहू शकणाऱ्या अध्यापकाने ते आधी मराठीत आणले पाहिजे. बेळगाव-निपाणी भागात उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमांच्या शिक्षणाची परंपरा असल्याने हे काम येथे सुरू होऊ शकते, आणि त्याची सुरुवात मोडशी आणि हैजा या दोन शब्दांच्या नोंदींपासून करता येईल.