गोरोबांचे पाय आणि गोरोबांचे हात

तेरणेकाठच्या तेर गावी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग अवघ्या महाराष्ट्राला परिचित आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या 'भक्तविजय' ग्रंथात तो विस्ताराने येतो. विठ्ठलनामात देहभान हरपून गोरोबा चिखल तुडवीत आहेत. पत्नी पाण्याला गेली आहे. रांगते मूल पायांखाली येते आणि मातीत मिसळून जाते. हेतू निर्मळ, परंतु कृतीचे फळ भयंकर! मग नैतिक निवाडा कशावरून करावयाचा?

बाराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ पीटर अबेलार यांनी आपल्या नीतिग्रंथात असाच दाखला दिला आहे. एक गरीब आई थंडीत कुडकुडणारे तान्हुले उबेसाठी पोटाशी धरते. झोपेत ते तिच्याच अंगाखाली गुदमरून मरते. बिशप तिला कडक प्रायश्चित्त देतात. पण ते पापाबद्दल नव्हे, तर पुढे तिने आणि इतरांनी अधिक जपावे म्हणून. अबेलार यांच्या मते दोष मनाच्या संमतीत असतो, घडलेल्या कृतीत नव्हे.

या न्यायाने गोरोबांचे पाय निर्दोष ठरतात. मात्र कथा तेथे थांबत नाही. आई आक्रोश करते, तेव्हा भजनात व्यत्यय आला म्हणून गोरोबा तिला मारावयास धावतात. ती विठ्ठलाची आण घालून स्पर्शास मनाई करते. पुढे ती आण मोडली जाते, तेव्हा ते स्वतःचे हात तोडतात. वाचकहो, मूल तुडविले ते पायांनी. गेले मात्र हात! वरवर पाहता हे शपथभंगाचे शासन आहे. परंतु त्या शपथेचे मूळ उगारलेल्या हातातच आहे. पाय पडले तेव्हा भान नव्हते. हात उगारला तेव्हा डोळे उघडे होते. तेथेही हेतू भक्तीचाच होता, तरीही शोकाकुल मातेवर उगारलेला हात चांगला ठरत नाही. संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण हीच आहे: कृती, हेतू आणि परिस्थिती ही तिन्ही शुद्ध असतील तरच कर्म चांगले, एकात खोट असली तरी ते बिघडते.

कथेचा शेवट मात्र मला अपुरा वाटतो. पंढरपुरी नामदेवांच्या कीर्तनात हात परत येतात, मूलही रांगत येते. भाविक श्रोता सुखावतो आणि आईचे दुःख विसरतो. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी: मूल आईला परत मिळाल्याखेरीज महिपतींनाही ही कथा संपविता आली नाही. बापाची भक्ती तेवढ्याने पुरी पडली नाही.

आपल्या घरांत असे चमत्कार घडत नाहीत. 'माझा हेतू वाईट नव्हता' असे म्हणून आपण मोकळे होतो. हेतू शुद्ध असेल तर अपराध उरत नाही, हे खरे; पण ज्याचे नुकसान झाले, त्याचे देणे उरतेच. ते देणे फेडण्याची सुरुवात त्या आईचा आक्रोश ऐकून घेण्यापासून होते.