ॲल्युमिनियम विद्युतघटातील 'स्वस्त' इलेक्ट्रोलाइट : एक चिकित्सा

ॲल्युमिनियमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो. त्यामुळे एक ग्रॅम धातूची सैद्धांतिक विद्युतधारिता सुमारे २,९८० मिलिॲम्पिअर-तास भरते. धातू मुबलक व स्वस्त आहे. अडचण इलेक्ट्रोलाइटची आहे. जलीय द्रावणात ॲल्युमिनियमचा थर जमण्याऐवजी हायड्रोजनच मुक्त होतो. म्हणून ॲल्युमिनियम क्लोराइडयुक्त आयनी द्रवांकडे वळावे लागले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील होंग्जिए दाय यांच्या गटाने २०१५ साली 'नेचर'मध्ये मांडलेला घट ७,५०० आवर्तने टिकला. त्यातील इमिडाझोलियम क्षार महाग होता. २०१७ मध्ये याच गटाने त्याच्या जागी युरिया योजून ९९.७ टक्के कुलोम कार्यक्षमता नोंदविली. शेतीच्या खताला विद्युतघटात स्थान देणारी ही कल्पना निःसंशय देखणी आहे. तथापि, त्यानंतर 'स्वस्त' हे विशेषण शोधनिबंधांत ज्या सहजतेने वापरले जाऊ लागले, ते तपासून पाहणे अगत्याचे वाटते.

या घटात इलेक्ट्रोलाइट हा निव्वळ वाहक नसतो. प्रभारणाच्या वेळी ग्रॅफाइटच्या थरांत टेट्राक्लोरोॲल्युमिनेट आयन शिरतात, तर दुसऱ्या अग्रावर हेप्टाक्लोरोडायॲल्युमिनेट आयनापासून धातू जमा होतो. दोन्ही आयन द्रवातूनच येतात. साहजिकच जितकी ऊर्जा साठवावयाची, तितका द्रव अधिक लागतो. १.३:१ मोल प्रमाणाच्या मूळ इमिडाझोलियम मिश्रणाचे गणित मांडल्यास द्रवाची धारिता प्रतिग्रॅम जेमतेम १९ मिलिॲम्पिअर-तास येते. ग्रॅफाइटची ७० धरून दोहोंच्या एकत्रित वजनावर ती सुमारे १५ उरते. दोन व्होल्टला प्रतिकिलो ३० वॅट-तास. म्हणजे आवरणाचे वजन न धरताही आपण शिसे-आम्ल घटाच्याच पातळीवर! निबंधांच्या सारांशात झळकणारा ७० हा आकडा एकट्या ग्रॅफाइटचा असतो.

युरियामुळे घटकाचा दर उतरतो. द्रव मात्र खर्ची पडतच राहतो, शिवाय तो अधिक दाट होऊन त्याची वाहकता घटते. ॲल्युमिनियम क्लोराइड तर कायमच आहे. ओलावा लागताच त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, साधे पोलाद गंजते, आणि मॉलिब्डेनम वा टंगस्टनसारख्या धातूंचा आश्रय घ्यावा लागतो. महाविद्यालयीन प्रयोगशाळेने हा विषय स्वस्त म्हणून निवडला, तर पहिला मोठा खर्च युरियाचा नव्हे, निर्जल ग्लोव्ह बॉक्सचा असेल.

या दृष्टीने डोनाल्ड सॅडोवे व सहकाऱ्यांचे २०२२ मधील ॲल्युमिनियम-गंधक घटाचे काम अधिक विचारप्रवर्तक आहे. सोडियम, पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांच्या क्लोराइडांचे ते वितळलेले मिश्रण स्वस्त तर आहेच, पण तेथे द्रव मुख्यतः वाहकच राहतो. त्याची किंमत ११० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानाच्या रूपाने मोजावी लागते. ती किंमत तरी उघड आहे. युरियाच्या घटासंबंधी लिहिणाऱ्यांनीही द्रवाचे वजन धरूनच प्रतिकिलोवॅट-तास खर्च मांडावा.