लोकगायनाचे प्रशिक्षण आणि परभणीची गोंधळ परंपरा

परभणी जिल्ह्यातील लोकगायनाचा विचार करताना गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. संबळ-तुणतुण्याच्या साथीने रंगणाऱ्या गोंधळात गण, देवतांचे आवाहन, आख्यान व आरती असा क्रम असतो. गीत, निरूपण, संवाद आणि विनोद त्यात एकजीव होतात.

हौशी गायकांसाठीच्या शिबिरांचे मूल्यमापन याच निकषावर व्हावयास हवे. चाल, ताल व उच्चार अल्पावधीत सुधारतात, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र ५-१० मिनिटांच्या सादरीकरणासाठी गीत आख्यानापासून तोडले जाते. परिणामी गाणे बसते, परंतु कथा पुढे नेण्याचे सामर्थ्य येत नाही. परंपरेत नवशिका प्रथम झील धरतो. मुख्य गायकाची ओळ उचलताना त्याला श्वास, ठेका व श्रोत्यांचा कल उमगतो. त्याची चूक समूहस्वरात सामावते. संत जनाबाईंच्या गंगाखेडसह गावोगावची भजनी मंडळेही नवख्यास प्रथम टाळकऱ्यांतच उभे करतात.

म्हणून महाविद्यालयीन लोककला मंडळांनी शिबिराचा समारोप स्पर्धेने न करता संपूर्ण गोंधळाने करावा व नवोदितांना त्यात झीलकऱ्याचे स्थान द्यावे. अन्यथा गीते टिकतील आणि गोंधळ मात्र लोप पावेल.