‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाही’ का?

दुसऱ्याने लिहिलेला सी भाषेतला मोठा प्रोग्राम हाती आला की पहिला प्रश्न असतो: हे फंक्शन बदलले तर कुठे कुठे बिघडेल? त्यासाठी सी-स्कोप आहे. बेल लॅब्समध्ये पीडीपी-११ च्या काळात जो स्टेफन यांनी तो लिहिला. २००० साली तो सर्वांसाठी खुला झाला.

त्याचे मोठेपण आम्ही आधी मान्य करतो. ग्रेप नुसती अक्षरे शोधते, कॉमेंटमधलीसुद्धा. सी-स्कोपला नेमका प्रश्न विचारता येतो: व्याख्या कुठे? हे फंक्शन कोणाला बोलावते? याला कोण बोलावते? शिवाय प्रोग्राम कंपाइल होत नसला तरी त्याचे अडत नाही.

आता आमची तक्रार. लिनक्स कर्नेलमध्ये एक्स्ट४ फाइलसिस्टिमचे वाचनाचे फंक्शन घ्या. याला कोण बोलावते, असे विचारा. कोणीच सापडत नाही! कारण त्याचा पत्ता एका स्ट्रक्चरमध्ये ठेवलेला असतो, आणि हाक जाते ती पॉइंटरमार्फत, दुसऱ्याच नावाने. नवखा माणूस म्हणेल, फंक्शन निरुपयोगी आहे, काढून टाका. झाले की नाही अनर्थाचे मूळ?

आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण अट घालून. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. पॉइंटर हा सी-स्कोपचा अंधार आहे.

मग क्लँगडी वापरावा? तो कंपायलरच्या नजरेने पाहतो, त्यामुळे मॅक्रो आणि टाइप त्याला चांगले कळतात. पण इफडेफने वगळलेला भाग त्याच्या हिशेबातच येत नाही. सी-स्कोप तोही चाळतो. म्हणजे अंधार गेला नाही, त्याने जागा बदलली.

म्हणून आमचे म्हणणे असे: ओळ खोडण्यापूर्वी तेच नाव सी-स्कोपमध्ये नुसते चिन्ह म्हणून शोधावे, म्हणजे स्ट्रक्चरमधली नोंद दिसते, मॅक्रो नावे जोडून तयार करत असतील तर नावाचा तुकडा ग्रेपने शोधावा. आणि एक लक्षात घ्या. सी-स्कोप स्वतः ‘सापडले नाही’ एवढेच सांगतो. ‘नाही’ हा निष्कर्ष आपण काढतो, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.