बेणारेबाईंचे मौन आणि आपला निवाडा

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या फुले कलामंदिरात कोर्टाचा प्रसंग असलेले नाटक पाहताना प्रेक्षक एक खेळ हमखास खेळतात. पिंजऱ्यातला माणूस नजर चुकवतो का, त्याचा आवाज कापतो का, हे पाहून ते मनाशी निकाल देऊन टाकतात. या सवयीच्या संदर्भात विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्यातली आरोपी लीला बेणारे शिक्षिका असल्याने आपण तर ते वाचावेच.

वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या लुटुपुटीच्या खटल्यात तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. आधी हसणारी बेणारे पुढे गप्प होते, निघून जाऊ पाहते; आणि या प्रत्येक गोष्टीत मंडळींना कबुली दिसते. वस्तुतः तिने तो गुन्हा केलेलाच नाही. ती गरोदर आहे आणि तिला मूल हवे आहे. भीती खरी, पण तिचे कारण आरोपाहून वेगळे! मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी अशा फसगतीला ऑथेल्लोचे नाव दिले. देवलांच्या ‘झुंजारराव’मुळे ती कथा आपल्याला परिचित आहे: पत्नीची व्याकुळता हाच नवऱ्याला तिच्या बदफैलीचा पुरावा वाटतो.

असे का होते? मनावर ताण आला की स्नायू आखडतात, स्वरतंतू ताणले जाऊन आवाज चढतो, तोंडाला कोरड पडते. हे खोटे बोलणाऱ्याचे होते, तसेच कल्याणच्या न्यायालयात प्रथमच उभ्या राहिलेल्या सच्च्या साक्षीदाराचेही होते. शरीर ताण दाखवते. ताणाचे कारण सांगत नाही. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. सुमारे २४ हजार लोकांनी खरे-खोटे ओळखण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे अंदाज शंभरात सरासरी ५४ वेळा बरोबर आले. नाणे उडवले असते तरी ५० आले असते!

तेंडुलकरांनी निवाड्यातले क्रौर्य अचूक दाखवले आहे. तरीही नाटकात एक धोका राहतोच. बेणारे काहीतरी लपवत होती हे शेवटी उघड होते, आणि ‘चेहरा खोटे बोलत नाही’ हा समज प्रेक्षक घट्ट करूनच घरी जातो. प्रत्यक्षात मंडळींना जे कळले ते रोकडे, पोंक्षे, कर्णिक यांच्या सांगण्यातून. तिच्या चेहऱ्याने त्यात भर घातली नाही.

कायदाही चेहऱ्याकडे पाहतो. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी महत्त्वाचे वाटेल ते नोंदवण्याची तरतूद १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती; २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. अशा नोंदीला इतर पुराव्याचा आधार आहे का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. दहा मुलांनी प्रत्येकी एक खरा किंवा बनावट प्रसंग सांगावा, बाकीच्यांनी अंदाज लिहावेत आणि शेवटी बरोबर उत्तरे मोजावीत. मग कधी पेन चोरल्याचा आळ आलेले पोर मान खाली घालून उभे राहिले, तर “माझ्या डोळ्यांत बघून सांग” म्हणण्यापूर्वी आपण त्याचे दप्तर, वेळ आणि सोबती यांची चौकशी करू.