'आपका बंटी' : मुलाचे हित आणि प्रौढांची सोय

मन्नू भंडारी (१९३१–२०२१) यांची 'आपका बंटी' ही १९७१ साली प्रसिद्ध झालेली हिंदी कादंबरी घटस्फोटित दांपत्याच्या अपत्याची कथा म्हणून सुपरिचित आहे. मुलाच्या ताब्यावरून होणारे न्यायालयीन युद्ध तीत नाही. वरकरणी सारे सभ्यपणे उरकते. हा सभ्यपणाच येथील संघर्षाचे सर्वांत घातक रूप होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

महाविद्यालयाची प्राचार्या असलेली शकुन आणि कलकत्त्यात राहणारा अजय यांच्यात थेट संवाद उरलेला नाही. वकीलचाचा दोघांमधील दुवा होतात. घटस्फोटाची कागदपत्रे तेच आणतात आणि बंटीला वसतिगृहात ठेवण्याचा सल्लाही तेच देतात. अजयला दुखावण्याचे साधन म्हणून आपण मुलाकडे पाहिले, ही जाणीव शकुनला पुढे होते. डॉ. जोशींशी विवाह केल्यावर ती बंटीसह त्यांच्या घरी जाते. तेथे त्यांची दोन मुले आहेत. नंतर अजय व मीरा यांचे घर आणि अखेर वसतिगृह, असा बंटीचा प्रवास होतो. प्रत्येक टप्प्यावर त्याच्या हिताची भाषा असते. त्याच्या हट्टामागील भय जाणून घेण्याची सवड मात्र कोणालाच नसते.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ नुसार अज्ञानाचे कल्याण हीच सर्वोपरी बाब आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने समेटावर भर दिला. तथापि 'कल्याण' हा शब्द प्रौढांच्या सोयीचे आवरण कसा बनतो, हे कायद्याच्या कलमांपेक्षा ही कादंबरी अधिक स्पष्टपणे दाखविते.

कादंबरीची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. निवेदन बंटीच्या व काही ठिकाणी शकुनच्या अंतर्मनात शिरते. अजय मात्र बहुतांशी बाहेरूनच दिसतो. त्यामुळे शकुनचा अपराधभाव वाचकापर्यंत पोहोचतो, अजयचा पोहोचत नाही. परिणामी दोषाचे माप आईच्याच पदरात पडण्याचा धोका संभवतो. अध्यापनात या असमतोलाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे.

सारांश, 'आपका' म्हणजे 'तुमचा'. आई-वडील दोघांनीही 'माझा' म्हणावे असे हे मूल शीर्षकातच दुसऱ्याच्या हवाली झालेले आहे. ताब्याच्या प्रत्येक वादात आधी विचारावयाचा प्रश्न 'मूल कोणाचे?' हा नसून 'मुलाचे कोण?' हा आहे.